‘कूल’ म्हणजे ‘खू’ नव्हे : चिनी भाषकांना हा शब्द शिकवताना

प्रश्न थोडक्यात असा आहे. नाशिकमध्ये राहून चीन आणि तैवानमधील नोकरदारांना ऑनलाइन इंग्रजी शिकवणाऱ्या एका शिक्षिकेच्या विद्यार्थिनीने आपल्या ऑस्ट्रेलियन वरिष्ठांना कळवले, की बैठकीला तीनऐवजी चार वाजता येता येईल. वरिष्ठांकडून एकाच शब्दाचे उत्तर आले : ‘कूल.’ यात ‘कूल’ आहे ते काय, बैठक, चारची वेळ की आपण स्वतः, आणि साहेब रागावले तर नाहीत ना, या विचारात ती विद्यार्थिनी दिवसभर होती. शिक्षिकेने ‘कूल म्हणजे मस्त’ असे सांगून पाहिले. तेवढ्याने तिचे समाधान झाले नाही. हा शब्द चिनी भाषकांना नीट कसा समजवावा, असे शिक्षिका विचारतात.

आधी त्या विद्यार्थिनीचा जीव भांड्यात पाडू या. साहेब रागावलेले नाहीत. त्यांच्या ‘कूल’चे सर्वांत जवळचे मराठी भाषांतर ‘मस्त’ नसून ‘चालेल’ हे आहे. मी एकोणीस वर्षे इंग्रजी शिकवते आहे, त्यांपैकी बारा वर्षे सिंगापुरात, आणि तेथे माझ्या वर्गातील निम्म्याहून अधिक माणसे नोकरीसाठी चीनमधून आलेली असत. ‘कूल’ या शब्दावर त्यांना ठेच लागते ती शब्द अनोळखी असल्यामुळे नव्हे, तर तो फार ओळखीचा वाटत असल्यामुळे. अगदी नवखा शब्द असता तर त्यांनी अर्थ विचारला असता. हा शब्द त्यांच्याकडे आधीच आहे, म्हणून ते विचारत नाहीत.

मँडरिनमध्ये, म्हणजे चीन आणि तैवानच्या प्रमाण भाषेत, तो ‘खू’ असा आहे. चिनी लिपीत परकीय शब्द ध्वनीवरून लिहायचा, तर उच्चाराने जवळचे एखादे जुने अक्षर शोधून त्याच्या माथी तो मारावा लागतो. ‘कूल’साठी जे अक्षर निवडले गेले, त्याचा मूळ अर्थ थंडाव्याच्या अगदी दुसऱ्या टोकाचा आहे. या अक्षराच्या डाव्या अंगाला मद्याच्या घटाची खूण आहे, आणि इ.स. १०० च्या सुमारास शू शन या विद्वानाने केलेल्या अक्षरकोशात त्याचा अर्थ मद्याची दाट, तीव्र चव असा दिलेला आहे. या तीव्रतेपासून पुढे कठोर, जहाल, क्रूर असे अर्थ वाढले. ‘खूली’ म्हणजे निर्दय अधिकारी, इ.स.पू. पहिल्या शतकातील इतिहासकार सिमा छ्येन याने आपल्या इतिहासग्रंथात या खूलींसाठी स्वतंत्र प्रकरण लिहिले आहे. ‘खूशिंग’ म्हणजे छळाची शिक्षा. आणि ‘खूशू’ म्हणजे अंगाची लाही करणारा उन्हाळा. इंग्रजीतील ‘थंड’ हा शब्द लिहायला चिनी भाषेने जे अक्षर घेतले, ते रणरणत्या उन्हाळ्याच्याही नावात आहे, ही गंमत मी वर्गात सांगते तेव्हा खुद्द चिनी विद्यार्थीही हसतात, कारण रोज वापरूनही हे त्यांच्या लक्षात आलेले नसते.

मराठी शिक्षकाला हे समजायला मुळीच जड जाऊ नये. आपला ‘कडक’ आठवून पाहा : कडक चहा, कडक साहेब, कडक शिक्षा, कडक ऊन, आणि मित्राची नवी गाडी पाहून काढलेला ‘कडक!’ हा उद्गार. पेयाच्या तीव्र चवीपासून शिक्षेपर्यंत, शिक्षेपासून उन्हापर्यंत आणि तेथून कौतुकापर्यंत हा पल्ला दोन्ही शब्दांनी गाठला आहे. फरक एवढाच, की ‘कडक’ला कौतुकाचा अर्थ मराठीच्या पोटातच फुटला, आणि ‘खू’ला तो इंग्रजी शब्दाशी ध्वनी जुळल्यामुळे चिकटला, त्यामुळे हे साम्य योगायोगाचे मानावे, त्यावरून सिद्धान्त बांधू नये. चिनी भाषेत आपल्या आपण झालेला असा प्रवास हवा असेल तर ‘लीहाई’ हा शब्द पाहावा. तोही भयंकर, जहाल या अर्थांवरून ‘भारी!’ या अर्थापर्यंत आला आहे, अगदी आपण ‘भयंकर छान’ म्हणतो तसा.

कौतुकाचा हा ‘खू’ तैवान आणि हाँगकाँगकडून १९९० च्या दशकात चीनच्या मुख्य भूमीवर पसरला. त्याचा उगम मँडरिन उच्चारात आहे हे उघड दिसते, कारण तेच अक्षर हाँगकाँगच्या कँटनीज भाषेत ‘हुक’ असे उच्चारले जाते आणि ‘हुक’वरून ‘कूल’ कोणालाही आठवणार नाही. नव्या शब्दाला तरुणांनी जो अर्थ दिला त्यात मूळ अक्षराची थोडी धार उरली, असे माझे मत आहे. चिनी ‘खू’ माणूस देखणा असेलच असे नाही, त्यासाठी ‘श्वाई’ हा वेगळा शब्द आहे. पण तो चारचौघांपेक्षा वेगळा असतो, कमी बोलतो, सहसा हसत नाही, आणि इतरांना आपल्याबद्दल काय वाटते याची त्याला फिकीर नसते. असा आव आणण्याला ‘श्वाखू’ म्हणतात. अतिशय ‘खू’ असेल तर ‘खू-बी-ल’, म्हणजे शब्दशः जीवच घेणारा.

आता इंग्रजी शब्दाकडे पाहू. तपमानापासून सुरू झालेला ‘कूल’ शांत, न डगमगणारा या अर्थाला फार पूर्वीच पोहोचला होता. डोके थंड ठेवणे आपल्याकडे आहे, चिनीमध्ये ‘लंगजिंग’ आहे, त्यातला ‘लंग’ म्हणजे थंडच. येथे तिन्ही भाषांचे एकमत असल्यामुळे शिकवण्यासारखे फारसे काही नाही. ‘अ कूल मिलियन’ म्हणजे ‘चांगले दहा लाख’ हा प्रयोग तर एकदा सांगून सोडून द्यावा. वळण आले ते अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या बोलीत. १९३० आणि १९४० च्या दशकांत जॅझ वादकांच्या तोंडी हा शब्द संयमाबरोबर त्या संयमाच्या ऐटीचे कौतुकही करू लागला, आणि महायुद्धानंतर तो सर्वत्र पसरला. त्यानंतर मात्र नाणे हातोहात फिरून झिजावे तसा तो झिजत गेला : आधी ‘ऐटदार’, मग नुसते ‘छान’, मग ‘बरे’, आणि शेवटी ‘कळले, हरकत नाही’.

सगळी मेख येथे आहे. चिनी भाषेने ‘कूल’ उचलला तो कौतुकाच्या टप्प्यावर, विशेषण म्हणून. इंग्रजी मात्र पुढे चालत राहिली आणि तिने त्याच शब्दाची पोच केली. ही पोच चिनी ‘खू’मध्ये आलीच नाही. चार वाजता येते म्हटल्यावर कोणीही चिनी माणूस ‘खू’ असे उत्तर देणार नाही. तो ‘हाओ द’ (ठीक आहे) म्हणेल, ‘शिंग’ (चालेल) म्हणेल, ‘मेइ वनथी’ (काही अडचण नाही) म्हणेल. म्हणून माझी पहिली सूचना अशी, की ‘कूल’चे अर्थ एकाखाली एक लिहून देऊ नका. फळ्याचे दोनच भाग करा. एका बाजूला ‘कूल’ एखाद्या गोष्टीचे वर्णन करतो, दुसऱ्या बाजूला तो समोरच्याला उत्तर देतो. वर्णनाच्या बाजूला ‘खू’ लिहा, तोही कोपऱ्यात, कारण इंग्रजीत आजीने विणलेला मफलर कूल असू शकतो, एखादे संग्रहालय कूल असू शकते, हसतमुख आणि गप्पिष्ट काकाही कूल असू शकतात. त्यांपैकी काकांना आणि मफलरला चिनी माणूस ‘खू’ म्हणायला कचरेल. उत्तराच्या बाजूला ‘हाओ द’ लिहा आणि ‘खू’ला त्या बाजूला पाऊलही ठेवू देऊ नका.

हे मला पहिल्याच वर्षी सुचले असे नाही. सुरुवातीला मीही ‘तुमचा खू तोच आमचा कूल’ असे सांगून पुढे जात असे. तिएनजिनहून आलेला एक विद्यार्थी, व्यवसायाने लेखापाल, एका संध्याकाळी वर्गात येऊन म्हणाला, की तुमचा शब्द चुकीचा आहे. झाले असे होते : त्याने दुपारी एका अमेरिकन सहकाऱ्याला कॉफी आणू का, असे विचारले. सहकारी संगणकावरून नजर न काढता म्हणाला, ‘आय’म कूल.’ याने क्षणभर विचार केला. स्वतःला कोणी ‘खू’ म्हणवून घेत नाही, ती आत्मप्रौढी झाली. तेव्हा हा थंडीबद्दलच बोलत असणार. त्याने उठून वातानुकूलन यंत्राचे तपमान दोन अंशांनी वाढवले. सिंगापूरच्या उकाड्यात अर्ध्या तासाने सगळे कार्यालय घामाघूम झाले, आणि कारण शोधता शोधता ते या गृहस्थापाशी येऊन थांबले. ‘नको, माझे ठीक आहे’ एवढाच त्या वाक्याचा अर्थ होता. चिनीमध्ये तेथे ‘बूयोंग ल’ म्हणतात, म्हणजे ‘गरज नाही’. त्या दिवसापासून मी ‘आय’म कूल’ नेहमी कॉफीच्या कपासह शिकवते : एक जण विचारतो, दुसरा हात किंचित वर करून नकार देतो. हाताची ती हालचाल अर्थ सांगते, व्याख्येची गरज पडत नाही.

त्यालाच ‘विथ’ जोडले की वाक्य फिरते. ‘आय’म कूल विथ दॅट’ म्हणजे ‘माझी हरकत नाही’. याला चिनीत अगदी चपखल शब्दप्रयोग आहे, ‘वो मेइ ईज्येन’. शब्दशः त्याचा अर्थ ‘मला मत नाही’ असा होतो, पण बोलणाऱ्याला म्हणायचे असते ‘माझा विरोध नाही’. हा दुवा जुळवून दिला की वर्गात माना डोलू लागतात. उलट बाजूची सावधगिरीही लगेच सांगावी, कारण ‘वो मेइ ईज्येन’चे शब्दशः भाषांतर करून ‘आय हॅव नो ओपिनियन’ असे बैठकीत म्हणणारे अनेक जण मी पाहिले आहेत, आणि इंग्रजी कानाला ते बेफिकिरीचे वाटते. भांडणानंतर विचारलेले ‘आर वी कूल?’ हेही याच कुळातले. आपल्यात आता काही उरले नाही ना, झाले गेले मिटले ना, असा त्याचा आशय असतो.

नकारार्थी रूपाकडे अधिक लक्ष द्यावे, कारण तेथे गैरसमज झाला तर तो बोचतो. ‘दॅट्स नॉट कूल’ हे शैलीवरचे मत नसून वागणुकीवरचा आक्षेप आहे : हे बरे नाही, हे शोभत नाही. कोणी रांग मोडली, कोणी पाठीमागे कुचाळक्या केल्या, तेव्हा हे वाक्य येते. चिनी विद्यार्थ्याच्या कानात मात्र ‘बू खू’ वाजते, म्हणजे ‘यात काही ऐट नाही’, आणि तो हसतो. आपण बोल लावावा आणि समोरच्याने हसावे, यासारखी चिडवणारी गोष्ट नाही. हे वाक्य मी नेहमी गंभीर चेहऱ्याने, थोडे थांबून म्हणून दाखवते आणि हसणाऱ्याला हसू देते. मग अर्थ सांगते. तो विसरत नाही.

तपमानाचा अर्थ सर्वांना येतो असे धरून चालू नये, पण त्यावर फार वेळही घालवू नये. ‘ल्यांगख्वाई’ हा सुखद गारव्याचा शब्द ‘कूल’च्या बराच जवळ आहे. अडचण ‘ल्यांग ल’ या अलीकडच्या बोलीप्रयोगाची आहे. त्याचा शब्दार्थ ‘गार झाले’, पण तरुण मंडळी तो ‘संपले, बोऱ्या वाजला’ या अर्थाने वापरतात. मुलाखत फसली की ‘ल्यांग ल’. एकाने मला लिहिले होते, ‘माय इंटरव्ह्यू इज कूल’, आणि मी आनंदाने अभिनंदन कळवून मोकळी झाले. त्याला म्हणायचे होते की नोकरी हातची गेली. आपल्याकडेही प्रकरण थंड पडते, उत्साह गार होतो, तेव्हा त्याचे मन कसे चालले हे मराठी शिक्षकाला लगेच उमगेल. इंग्रजीत मात्र ‘कूल’ने ते काम होत नाही.

आता उच्चार. आपण लिहिताना ‘कूल’ असे लिहितो, पण इंग्रजीतील शब्दारंभीचा हा ‘क’ किंचित महाप्राण असतो, आणि चिनी विद्यार्थी तो आपल्यापेक्षा बरा म्हणतात. तेथे त्यांना सुधारायला जाऊ नका. त्रास शेवटच्या ‘ल’चा आहे. मँडरिनमध्ये अक्षराच्या अखेरीस अनुनासिक येतो, उत्तरेकडे जीभ वळवून केलेला ‘र’सारखा ध्वनी येतो, पण ‘ल’ कधीच येत नाही. कँटनीजमध्ये अखेरीस ‘प’, ‘त’, ‘क’ येतात; ‘ल’ तेथेही नाही. म्हणून ऐकू येते ते ‘खू’, ‘खूओ’ किंवा बेजिंगकडच्या माणसाकडून ‘खूर’. अक्षराच्या सुरुवातीला मात्र ‘ल’ त्यांना सहज येतो, नाहीतर ‘ल्यांग’ कसे म्हटले असते? याच गोष्टीचा फायदा घ्यावा. आधी ‘कूल इट’ हे ‘कू-लिट’ असे म्हणवून घ्यावे, ‘कूल ऑफ’ हे ‘कू-लॉफ’ असे. मग शेवटचा तुकडा हळूहळू पुसट करत न्यावा, आणि जीभ वरच्या दातांमागे टेकलेली असतानाच थांबायला सांगावे. दहा मिनिटांत ‘ल’ पदरात पडतो. तो इंग्रजांच्या ‘ल’सारखा जाडसर नसला तरी काही बिघडत नाही, आपलाही नसतो. सिंगापुरात तर स्थानिक लोकही अखेरचा ‘ल’ गिळतात, त्यामुळे तेथे ‘खूओ’ म्हणणाऱ्याला कोणी अडवत नाही.

सुराकडे मात्र दुर्लक्ष करू नये. ‘खू’ हा मँडरिनच्या चार सुरांपैकी चौथ्या सुरात आहे, म्हणजे आवाज उंचावरून झटक्यात खाली आपटतो. तोच सूर लावून इंग्रजी ‘कूल’ म्हटला की तो तुटक ऐकू येतो, जणू विषय संपवायचा आहे. स्वर थोडा लांबवला, ‘कूऽल’ असा, की त्यातच आपुलकी येते; पुष्कळ लांबवून आवाज मध्ये चढवला की खरे कौतुक. लिखित निरोपातही असाच भेद असतो. नुसता ‘कूल’ आणि पुढे पूर्णविराम, हे पुष्कळांना कोरडे वाटते. उद्गारचिन्ह किंवा ‘कूल, थँक्स’ म्हटले की कोरडेपणा जातो. हे चिनी विद्यार्थ्यांना पटवायला कष्ट पडत नाहीत. वीचॅट या चिनी निरोप-ॲपवर होकारार्थी ‘अं’ एकदाच लिहिला तर तो तुसडा मानतात, दोनदा लिहिला तर गोड. ‘हाओ’पेक्षा ‘हाओ द’ मऊ. तुमच्या विद्यार्थिनीला जी शंका आली ती याच सवयीतून आली, आणि ती शंका अगदीच निराधार नव्हती, असे तिला जरूर सांगावे. ऑस्ट्रेलियन वरिष्ठाच्या बोटांना मात्र हा एकेरी ‘कूल’ इतका सरावाचा असतो, की त्यात रागाचा अंश शोधणे व्यर्थ आहे.

कोणी कोणाला म्हणावे, हा प्रश्न उरतो. साहेबाने हाताखालच्या माणसाला ‘कूल’ म्हणणे आणि हाताखालच्याने साहेबाला म्हणणे यांत फरक आहे, निदान ओळख मुरेपर्यंत. विद्यार्थ्यांना मी सांगते, की समोरच्याने तुम्हाला आधी म्हटले असेल तरच तुम्ही म्हणा, एरवी ‘शुअर’ किंवा ‘साउंड्स गुड’ वापरा. दुसरी मर्यादा अधिक महत्त्वाची आहे : ज्याने कष्ट करून काही आणून दिले, त्याला एकट्या ‘कूल’ने निरोप देऊ नये. रात्रभर जागून अहवाल पूर्ण केला असे कोणी सांगावे आणि आपण ‘कूल’ म्हणावे, तर ते मराठीत ‘बरं’ म्हणून पान उलटण्यासारखे होते. वाईट बातमीला तर हा शब्द अजिबात चालत नाही. परीक्षेपुरते बोलायचे तर आयएल्ट्स या इंग्रजीच्या परीक्षेच्या लेखी निबंधात त्याला जागा नाही. तोंडी परीक्षेत एखाद्या छंदाचे वर्णन करताना तो सहज आला तर चांगलाच दिसतो, पण ‘व्हेरी कूल’ची माळ लावू नये. ती माळ येते चिनी व्याकरणातून. तेथे विशेषणाआधी ‘हन’ घालण्याची सवय असते, त्या ‘हन’चा जोर बोलण्यात जवळजवळ विरघळलेला असतो, आणि भाषांतरात मात्र प्रत्येक वेळी ‘व्हेरी’ उगवतो.

पुढच्या तासाला त्या विद्यार्थिनीकडून तिच्याच वरिष्ठांचा निरोप तीन वेळा मोठ्याने वाचून घ्या : एकदा चौथ्या सुरात आपटून, एकदा लांबवून, एकदा सहज. तिन्हींत कोणता साहेबांचा असेल हे तिलाच ओळखू द्या. आणि तिने त्यांना अजून उत्तर पाठवले नसेल, तर ‘थँक्स, सी यू ॲट फोर’ एवढे पुरे आहे.